शेंडा खाली, बुडखा वर

मैना गेली त्याला आता वर्ष होईल. घरात मी एकटाच आहे. लेक कुणाली आटगावला दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडं व्हायचं होतं. शेजारी माझी थोरली वहिनी सकुबाई राहते. ती म्हणाली, "पोरीला घेऊन या भावजी, मी हाय ना." म्हणून मी घर जरा नीट करायला घेतलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

आमचं घर डोळखांबच्या पुढं, एका पाड्यावर. माझं लग्न झाल्यावर बांधलेलं. माजघराच्या मध्ये सागाचा एक चौकोनी खांब आहे. खाली दगडाचा तळखडा, वर आडवी तुळई, आणि तुळईवर सगळं छप्पर. ह्या खांबाला टेकून मैना तांदूळ निवडायची. तिच्या पाठीनं त्याची एक बाजू गुळगुळीत झाली आहे. ती गेल्यावर तिथं मी भाताची कणगी सरकवून ठेवली होती, कारण येताजाता तिकडं नजर जायची.

कणगी हलवली तेव्हा दिसलं की खांबाचं बूड कुजलंय. पलीकडं न्हाणी, तिचं पाणी मुरत होतं. बोट लावलं तर बोट आत गेलं.

जावई संदेश मुरबाडकडं एका बाईंच्या हाताखाली सुतारकाम करतो. भूमिका त्यांचं नाव. त्या जपानात राहून लाकडाचं काम शिकून आल्या आहेत. सिद्धगडाच्या पायथ्याला कुणाचं तरी घर बांधतायत, एक खिळा न मारता. संदेश पहिल्यांदा सांगायला लागला तेव्हा मी म्हटलं, "मग ते उभं कशावर राहतं, नवसावर?" तो हसला. म्हणाला, "मामा, तुमचं घर कशावर उभं हाय? तुमच्या तुळईला तरी कुठं खिळा हाय?"

ते खरंच होतं. मी कधी बघितलं नव्हतं.

संदेशनं सांगितलं म्हणून एका रविवारी भूमिकाबाई स्वतः आल्या. वयानं कुणालीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी खांबाला हात लावला, टॉर्च मारला, खाली बसून पटाशीनं कुजकं थोडं उकरलं. मग स्टूल मागून घेतलं आणि वर चढून तुळईजवळ बघत राहिल्या.

"काका, इथं वर कुंकू आहे. थरावर थर."

"ती लावायची. दर दसऱ्याला."

"इतक्या वर?"

मी सांगितलं की मीही तिला विचारायचो. ती म्हणायची, खाली पाय लागतात सगळ्यांचे. स्टुलावर चढायची, टाचा उंच करून कुंकू लावायची, हात टेकवून मग कपाळाला लावायची. मी थट्टा करायचो, छपराच्या पाया पडतेस का गो म्हणून. ती ताटली घेऊन खाली उतरायची.

भूमिकाबाई खाली उतरल्या. खांबाच्या मध्यावर एक गाठ आहे, तिच्यावर बोट ठेवलं.

"काका, फांदी झाडाला फुटते ती वरच्या अंगाला झुकून फुटते ना?"

"हो."

"ही बघा. ही खाली झुकलीय. ही दुसरीसुद्धा."

मी बघितलं. संदेशनं बघितलं आणि गाठीवरून हात फिरवला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"खांब उलटा आहे. झाडाचा शेंडा खाली, मुळाकडचा बुडखा वर. म्हणून खालून लवकर कुजला असेल. शेंड्याकडचं लाकूड जरा कोवळं असतं."

आमच्याकडं असा खांब कुणी लावत नाही. कुंपणाचा खुंटसुद्धा बुडखा बघून रोवतात. उलट्या खांबाच्या घरात सुख टिकत नाही म्हणतात. मी भूमिकाबाईंना विचारलं, तुमच्या जपानात काय म्हणतात? त्या म्हणाल्या, "तिथंही तसंच मानतात. घरात उलटा खांब नको म्हणतात. पण एका मोठ्या देवळाच्या दरवाजाला त्यांनी मुद्दाम एक खांब उलटा बसवलाय."

"मुद्दाम कशाला?"

"काम पुरं झालं की पडझड सुरू होते, असं ते धरतात. म्हणून एक गोष्ट चुकीची ठेवायची. म्हणजे काम पुरं झालंच नाही, मग पडझडही नाही."

मला काही समजलं नाही. एकच गोष्ट एका जागी अशुभ आणि दुसऱ्या जागी राखण, हे कसं? मी म्हटलं, "बाई, उलटा असंल तर सुलटा करा. बाकी मला माहीत नाय."

त्या म्हणाल्या, करता येईल. कौलं उतरवावी लागतील, तुळई उचलावी लागेल. "तुम्ही ठरवा काका. मी पुढच्या रविवारी येते."

त्या गेल्यावर मी कणगीला टेकून बसून खांबाकडं बघत राहिलो. इतकी वर्षं ती त्याला टेकून बसली. आजार आला तोसुद्धा असाच, कारण नसताना. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, पण ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. आता हे एक कारण कुणीतरी आणून समोर ठेवलं होतं. ते खरं मानावं की नाही, ह्यातच माझा दिवस गेला. चहा करायला ठेवला आणि उतू गेला.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन. गोदूबाई. संदेशची आई.

"व्याही, संदेश सांगतो ते खरं काय?"

"काय सांगतो?"

"तुमच्या घराचा खांब म्हणं शीर्षासन करतो."

"तसं दिसतंय खरं."

"मग माझी सून तिथं यायची नाय. आधीच सांगते. नंतर बोलू नका विहीण वाईट."

"सुलटा करून घेतो, विहीणबाई."

"घ्या. मग बघू." जरा थांबून म्हणाली, "मैनाविहीण गेली ती काय वय झालं म्हणून गेली काय? मला बोलायचं नाय. पण माणूस विचार करतो."

मीही तोच विचार करत होतो. तिनं तो फोनवर मोठ्यानं केला एवढंच.

कुणालीनं नंतर फोन करून सांगितलं, "बाबा, सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. त्या अशाच बोलतात." मी विचारलं, "तुला यायचंय ना?" ती म्हणाली, "मला माझ्या आईच्या घरीच यायचंय. पण त्यांच्याशी भांडून नाय यायचं."

म्हणजे आता सगळं त्या खांबावर येऊन बसलं होतं.

घराचं काम धाऊ सुतारानं केलं होतं, त्यानं आणि त्याच्या बापानं. बाप कधीच गेला. धाऊ मुरबाडला मुलाकडं असतो. मी एसटीनं गेलो. मुलाचं प्लायवूडच्या कपाटांचं दुकान आहे, धाऊ त्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेला होता.

"वाल्मिक! ये ये. मैनाचं कळलं रे. यायला जमलं नाय, गुडघे राहिले नाय."

मी चहा होईपर्यंत थांबलो. मग सरळ विचारलं, माजघरातला खांब उलटा कसा?

तो चिडला. "कोण म्हणतो उलटा?"

"एक बाई आल्या होत्या. जपानात शिकलेल्या."

"मग जपानात जाऊन विचार. आमी काय खांब उलटे लावणारे वाटलो? माझ्या बापानं अर्ध्या तालुक्यात घरं उभी केली."

"गाठी खाली झुकल्यात, धाऊदादा. मी डोळ्यानं बघितलं."

दुकानात मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत राहिला. मशीन बंद झालं तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिनं तुला कधी सांगितलं नाय?"

"कुणी?"

"मैनानं."

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला.

तेव्हा मी भिवंडीला गोदामात कामाला होतो, आठवड्यानं घरी यायचो. घर उभं राहत होतं तेव्हा आंगणात मैनाच असायची. नवी नवरी. धाऊनं सांगितलं ते असं.

"लाकूड वखारीतून चौकोनी कापून आणलेलं. दोन्ही टोकं सारखी. पटाशी लावायच्या आधी पूजा करायची असते. माझा बा तिला बोलला, पोरी, हा बुडखा, हा शेंडा, कर पूजा. मी नव्हतो तवा, हे मागनं तिच्याकडनं कळलं. तंबाखू आणायला गेलेलो. आलो तर बा जेवायला बसलेला आणि लाकडाच्या एका टोकाला हळद, कुंकू, फूल, सगळं. मी म्हटलं, कुंकू कुठं लावतात? कपाळाला. म्हणजे हे टोक वर. बानं दाखवूनच लावलं असणार. मी काय लाकूड निरखलं नाय. त्या टोकाला वरचा कुसू काढला, दुसऱ्या टोकाला तळखड्यात बसायचा काढला. बा उठला तवर माझं निम्मं काम झालेलं, त्यानं पण परत टोकं बघितली नाय."

कुसू म्हणजे खांबाच्या टोकाला ठेवलेली जीभ, ती तुळईच्या खाचेत बसते. एकदा ती काढली की खांबाचं वर-खाली ठरलं.

"आणि तिनं काय केलं होतं?"

"तिनं पायाला, बुडख्याला लावलं होतं." धाऊनं माझ्याकडं बघितलं नाही. "नव्या सुनेला काय शिकवतात? पाया पड. ती खांबाच्या पाया पडली होती. मी तेच डोकं समजलो."

"तिला कळलं कधी?"

"कौलं चढल्यावर. माझ्याकडं आली. म्हणाली, दादा, मी जिथं हळद लावली ते वर कसं गेलं? मी नुसता उभा राहिलो. बाला सांगितलं असतं तर त्यानं माझी पाठ फोडली असती. छप्पर उतरवायला लागलं असतं. तीच बोलली, राहू दे. ह्यांना सांगू नका, हे मनाला लावून घेतात. मी सांभाळीन."

"काय सांभाळीन?"

"ते मी नाय विचारलं रे."

परत येताना एसटीत मला खिडकी मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते आठवत नाही. मला ते स्टूल दिसत होतं. तिच्या उंच केलेल्या टाचा. छपराच्या पाया पडतेस का म्हणून मी हसायचो, आणि ती खरंच पाया पडत होती. खांबाचे पाय वर होते म्हणून ती वर चढायची. एवढी वर्षं. आणि मला सांगायची, खाली पाय लागतात.

गेल्या दसऱ्याला ती दवाखान्यात होती. मला म्हणाली, खांबाला कुंकू लावलं का? मी म्हटलं, लावलं. मी लावलं होतं, हाताला आलं तिथं. कुठं लावलं ते तिनं विचारलं नाही.

मग मला प्रश्न पडला की तिला भीती वाटत होती का. पडून असताना तिनं कधी मनात म्हटलं का, की हे त्या खांबामुळं. तिनं मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? छप्पर उतरवलं असतं. नाहीतर हसलो असतो. दोन्हीपैकी काय ते मला आजही सांगता येत नाही. तिला मात्र माहीत असावं, म्हणून तिनं सांगितलं नाही. आता विचारायला ती नाही.

घरी आलो तर सकुबाई ओट्यावर बसलेली. तिला सगळं सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "बघा गो बाई. माझ्या शेजारी राहून मला पण बोलली नाय." मग विचारलं, "आता काय, उलटाच ठेवणार का सुलटा करणार?"

"मला कळत नाय वहिनी."

"सुलटा केला तर तिनं सांभाळलं ते सगळं वाया जातं."

"नाय केला तर कुणाली येत नाय."



रविवारी भूमिकाबाई आल्या. मी त्यांनाही सांगितलं, धाऊचं नाव न घेता. त्यांनी खांबाजवळ बसून कुजकं कुठपर्यंत गेलंय ते पटाशीनं बघितलं. मग म्हणाल्या, "काका, एक तिसरा मार्ग आहे. खांब हलवायचाच नाही. नुसता कुजलेला भाग कापून टाकू आणि खालून नवा तुकडा जोडू."

"जोड टिकंल? सगळा भार हाय त्याच्यावर."

"टिकेल. तिकडं देवळांचे खांब असेच दुरुस्त करतात."

त्यांनी संदेशला खडू दिला. त्यानं जमिनीवर काढून दाखवलं. दोन्ही तुकड्यांना सारखीच खाच, एकमेकांत अडकणारी. बाजूनं सरकवायचे. मध्ये चौकोनी भोक उरतं. त्यात लाकडाची पाचर ठोकली की दोन्ही तुकडे एकमेकांना दाबून धरतात. जितकी पाचर आत, तितका जोड घट्ट.

"आणि नवा तुकडा कसा लावायचा?" मी विचारलं. "बुडखा कुठं?"

"खाली. जमिनीकडं. सरळ."

"म्हणजे जुना उलटा आणि नवा सुलटा?"

"हो. म्हणजे दोघांचे शेंडे एकमेकांना मिळतील." मग त्या जरा अडखळल्या. "तिकडचे सुतार हे बघतात. बुडख्याला बुडखा कधी जोडत नाहीत. तो ताटातुटीचा जोड म्हणतात. शेंड्याला शेंडा जोडला तर तो भेटीचा. चालतो."

माझ्या मनात आलं की आपण हे ऐकतोय ते ऐकायला बरं वाटतंय म्हणून, का ते खरं आहे म्हणून? ते मला ठरवता आलं नाही. पण मी म्हटलं, "करा."

काम संदेशनं केलं. तुळईखाली जॅक लावून टेकू दिले. कुजकं बूड करवतीनं कापलं. जुन्या लाकडाचा आतला भाग अजून तांबूस होता, त्याला वास येत होता. जोड बसवताना तो दहा वेळा काढायचा, तासायचा, परत लावायचा. मी म्हटलं, "अरे, लग्न जमवतोस का काय?" तो म्हणाला, "मामा, लग्नात इतकं बघत नाय." शेवटी पाचर ठोकली तेव्हा आवाज बदलला, पोकळ होता तो भरीव झाला. भूमिकाबाई हसल्या. टेकू काढले तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. छप्पर जागचं हललं नाही.

गोदूबाई बघायला आली, कुणालीला बरोबर घेऊन. नुसतं बघून परत जायचं असं ठरवूनच आली होती, कारण कुणालीची पिशवी आणली नव्हती. आल्या आल्या तिनं खांबाला टकटक केली.

"हे काय? सुलटा करतो बोललात ना?"

"नाय केला." मी तिला सगळं सांगितलं. मैनानं काय केलं, सुतारानं काय केलं, शेंड्याला शेंडा, भेटीचा जोड. मला नीट सांगता येत नव्हतं.

तिनं ऐकून घेतलं. जोडावर हात फिरवला. मग म्हणाली, "ते जपानचं मला काय सांगू नका व्याही. मैनाविहीण चांगली होती, मी नाय म्हणत नाय. पण ह्याचं डोकं अजून खालीच हाय ना? पाय वर. असल्या घरात पोर जन्माला घालायचं?"

कुणाली खांबाच्या गुळगुळीत बाजूला टेकून उभी होती, तिच्या आईसारखी, पोटावर हात ठेवून.

सकुबाई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं कप खाली ठेवले.

"गोदूताई, तुमाला पोरं किती?"

"तीन. का गो?"

"कशी झाली?"

"कशी म्हणजे? होतात तशी."

"डोकं खाली, पाय वर. असंच ना? मग पाय खाली करून आलेलं काय म्हणतात आपल्यात? पायाळू. त्याच्या वेळी आईचा जीव टांगणीला. मी बघितलंय, माझ्या चुलत जावेला." तिनं खांबाकडं हात केला. "बाळंतिणीच्या घरात खांब असा असंल तर बरंच हाय की. पोर त्याला बघून नीट फिरंल. सुलटा असता तर मी बोलले असते, नको आणू पोरीला."

गोदूबाई एकदम हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली.

"काय बाई हाय ही! ह्या सकुबाईच्या तोंडाला कोण लागंल?"

"चहा घ्या आधी. गार होतो."

चहा घेताना गोदूबाई पुन्हा एकदा वर बघून म्हणाली, "पण कुंकू लावायला कोण चढणार? माझी सून नाय चढायची हां, ह्या दिवसांत." म्हणजे ती पाठवणार होती. कुणालीची पिशवी संदेशनं दुसऱ्या दिवशी आणून टाकली.

सकुबाईचं बोलणं बरोबर होतं की तिनं वेळ मारून नेली, मला माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मला तरी कुठं माहीत? सुचलं ते बोलले." मैना म्हणाली होती मी सांभाळीन, तेसुद्धा असंच सुचलं म्हणून असेल.

दसऱ्याला अजून अवकाश होता, पण कुणाली म्हणाली, नव्या जोडाची पूजा करू. मी हळदीकुंकवाची ताटली घेऊन स्टुलावर चढलो. गुडघे कुरकुरले. कुणालीनं खालून स्टूल धरलं.

"कुठल्या बोटानं लावू?"

"करंगळीशेजारच्या. बाबा, इतकं नाय, थोडं घ्या."

तुळईच्या खाली तिचे थर होते, काळपट लाल झालेले. त्यांच्यावर लावायचं की बाजूला, मला कळेना. कुणालीला विचारलं. ती म्हणाली, "आई कुठं लावायची?"

"ह्याच्यावरच लावत असंल."

"मग त्याच्यावरच लावा."

मी लावलं. हात टेकवला, मग कपाळाला लावला. वर उभं राहून काहीतरी म्हणावं असं वाटलं. ती काय म्हणायची ते मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. खालून कुणाली म्हणाली, "बाबा, उतरा आता, माझे हात दुखले."